बापूकाका फ्रान्सला हात लावतात

फ्रान्समधल्या एका खेड्यात मी माझ्या सख्ख्या काकांना चर्चमध्ये कोंडलं, बाहेरून कुलूप घातलं आणि जेवायला गेलो.

बापूकाका म्हणजे ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतले निवृत्त ओव्हरसियर. मी पुतण्या, गाडी चालवता येते, एवढ्याच गुणावर सोबत नेलेला. मला वाटलं, पॅरिस बघू. काकांनी पॅरिस विमानतळावरच उरकलं. पुढे आठवडाभर आम्ही शेतांतून, गायींमधून चर्चं हुडकत फिरलो. मोठी नव्हेत, खेड्यातली, आठ-नऊशे वर्षांची, जाड भिंती, गोल कमानी, आत चिटपाखरू नाही.

दाराशी काका चपला काढत. मग आत खांबाखांबाला हात. दगडी माकडाचं नाक चाचप, सिंहाची शेपटी चाचप, एखाद्या संताची दाढी.

"काका, चला न!"

"जल्दी क्या है, मुन्ना? हे इतकी शतकं उभे आहेत, तू जरा उभा राहा न!"

एका गावात तर त्यांनी शिडी मागितली. हिंदीत. मिळाली!

त्या दिवशीच्या चर्चची किल्ली समोरच्या म्हाताऱ्या बाईकडे होती. तिकडे तशीच पद्धत: किल्ली मागून न्यायची, बघायचं, कुलूप लावून परत द्यायची. खानावळ बंद व्हायची वेळ झाली होती. मी आत हाक मारली, उत्तर नाही. म्हटलं, काका पुढे गेले. दाराशी त्यांच्या चपला होत्या. विसरभोळा माणूस, म्हणून त्या उचलून गाडीत ठेवल्या, कुलूप घातलं, किल्ली परत केली.

सूप अर्धं झाल्यावर मला प्रश्न पडला, की काका अनवाणी गेले कुठे?

धावत आलो. किल्लीवाली बाई गायब. काकांना फोन लावला, तर बिझी. पुन्हा बिझी. कोंडलेला माणूस गप्पा कुणाशी मारतोय? दाराला कान लावला.

"...आता डावीकडचा खांब. माकड आहे. नाक झिजलंय ग, आपल्या पाट्यासारखं गुळगुळीत. कान शाबूत. शेजारी पक्षी. पंखांवर रेघा आहेत, बोटाला लागतात, अगदी बारीक..."

पलीकडे काकू होत्या. शाळेत ड्रॉइंग शिकवायच्या, या चर्चांची चित्रं जमवायच्या. दोघं मिळून येणार होती, तेवढ्यात काकूंची दृष्टी गेली. "मी तिथे येऊन काय अंधार बघू? तुम्ही जाऊन या," म्हणाल्या होत्या.

बाई पाव घेऊन परतली. मी किल्ली घेतली, पण दार लगेच उघडवेना. पायरीवर बसलो. बाईने न विचारता पावाचा तुकडा मोडून दिला. तो संपवून मी हळूच कुलूप काढलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"काकू, चूक झाली. काका माझ्याकडून कोंडले गेले."

"ठाऊक आहे. तुझी हाक आली तेव्हा मीच यांना ओ देऊ दिली नाही. रोज तुझ्या घाईपायी हे दोन खांबांत आटपतात. आज कुठे नीट दिसत होतं. आणि आत्ता कशाला उघडलंस, गधड्या? अजून उजवी बाजू राहिलीये!"