स्कूटी पारसची, शाल हरिसिंगची

हे लिहावं की नाही, यात टायपिस्ट नवीनचे दोन चहा थंड झाले. ज्या गावात गुन्हाच होत नाही, तिथं लिहिण्यासारखं असते काय?

गाव मंगरूळपीर-कारंजा रस्त्यावरचं (नाव सांगितलं तर चोरीमुक्तीचं बक्षीस परत घेतील). एसटी स्टँडवर फलक: 'चोरीमुक्त शहर, दिवस ४१२ वा.' आकड्याची पाटी एकदा गेली. ती गहाळ झाली अशी नोंद आहे.

चोरीमुक्तीची पद्धत सोपी. ठाण्यासमोरच्या टपरीत अर्ज टाइप करतो तो नवीन. माणूस म्हणते, मोबाइल चोरीले गेला. नवीन टाइप करतो, 'बाजारात माझ्या हातून गहाळ झाला.' जमादार बबनराव शिक्का मारतात, नवं सिम भेटते, सगळे खूश. गेल्या वर्षी गहाळ झालेल्या वस्तू: मोबाइल दोनशे सहा, विहिरीत बसवलेले पंप एकोणचाळीस, बकऱ्या बावीस, लोखंडी फाटक एक. चोरी: शून्य. इतकं विसराळू गाव पाहून आरोग्य खात्यानं शिबिर घेतलं (शिबिराचा भोंगा अजून सापडला नाही).

मग पारसची स्कूटी गेली. पारस नवीनचा शाळेपासूनचा दोस्त, कापड दुकानवाला. त्याची आई कंचनबाई, मंदिरात दर्शन झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही. गुडघे गेले, म्हणून पारस तिले रोज स्कूटीवर नेत होता. दुसऱ्याच्या गाडीवर ती बसत नाही. झंझट नको म्हणून पारसनंही 'गहाळ'वरच सही ठोकली.

आठव्या दिवशी स्कूटी दिसली. वर हरिसिंग नावाचा इसम. पारस ठाण्यात पळाला. बबनरावांनी रजिस्टर उघडलं आणि लहान पोराले समजवावं तसं समजावलं, "पारसभाऊ, तुमची हरवली, त्याले सापडली. यात चोर कुठी हाय?"

तर्कात खोट नव्हती. सव्वीस जानेवारीले हरिसिंगचा 'प्रामाणिक नागरिक' म्हणून शाल-नारळ देऊन सत्कार झाला. (स्कूटी त्यानं परत केली नव्हती, पण धुऊन आणली होती.) हेल्मेट नसल्याचं चलान मात्र पारसच्या मोबाइलवर आलं, कागदोपत्री मालक तोच. टाळ्या पारसनंही वाजवल्या. सगळेच वाजवून राह्यले होते.

कार्यक्रम संपला तसा तो टपरीत आला.

"आई सकाळची पायी निघाली," तो म्हणाला. "बारा वाजले. अजून रस्त्यातच बसून हाय, पाण्याचा थेंब नाही. आता तरी 'चोरी' लिहिशीन का, लेका?"

नवीनच्या कीबोर्डवर तो शब्द फलक लागल्यापासून उमटला नव्हता. शिवाय एकट्याच्या शब्दानं रजिस्टर हलत नाही, स्कूटी पारसचीच म्हणणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. पारस अख्खी बाजार लाइन फिरून आला. वाईट सगळ्याइले वाटलं, सही कोणीच दिली नाही. फलकामुळं प्लॉटचे भाव चढून राह्यले होते. अन् प्रत्येकाच्या घरी आपापला गहाळचा दाखला होताच, स्वतःच्या सहीचा.

नवीननं टपरी गेली तर काय, याचा एकदा हिशेब केला आणि मशीन सुरू केली.

"'चोरी'च टाइप करतो," तो म्हणाला. "पयली सही माही. दुसरीची जागा कोरी ठेवतो, ही गोष्ट वाचून जो हासला त्याच्यासाठी. नाही आला तं वचन देतो पारस, सही गहाळ झाली असं नाही लिहिणार. चोरीले गेली असंच लिहीन."