हसूरामकाकांच्या टेबलाचा चौथा पाय

अन्याय झाला तो हसूराम पाटील यांच्यावर. दिवस, दिवाळी सरल्यानंतरचा पहिला रविवार. वेळ, संध्याकाळचे पावणेसहा. जागा, पनवेलच्या बाजारामागचं मैदान. पत्रकं लिहून लिहून मला आरोपीचं नाव पहिल्याच परिच्छेदात सांगायची सवय लागली आहे. तेव्हा सांगतो, करवत माझ्या हातात होती.

आता हे हसूराम पाटील कोण? पनवेलच्या हॉटेलात ज्यानं एकदा तरी चहा घेतला आहे, त्यानं त्यांना पाहिलेलं असणार. समोर कपबशी आली की ते ती उचलून शेजारी बसलेल्याच्या हातात देतात. ओळख असो वा नसो. मग कोटाच्या खिशातून वीतभर लांबीची पितळी पाणसळ काढून टेबलावर ठेवतात. पाणसळ म्हणजे काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात बुडबुडा असलेली पट्टी. बुडबुडा मधोमध थांबला तर जागा सपाट. काका एक डोळा मिटून बघतात आणि गल्ल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतात, "दीड सूत खाली हाय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यांच्या तोंडी दुसरं माप नाही. टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घालतात, पुन्हा बघतात, मगच चहा मागतात. तोवर चहा गार झालेला असतो. शेजाऱ्यानं पिऊन टाकलेला असतो, असंही दोनदा झालं आहे.

मुंबईच्या गोदीत तीस वर्षं फिटर होते. तिथून ते पाणसळ आणि एक वाक्य घेऊन आले: "पान्याला इचार. पानी खोटा बोलत नाय."

आमच्या गल्लीतल्या लग्नात भटजी मंगलाष्टकं सुरू करणार, तोच काका बोहल्यावर चढले आणि पाणसळ टेकवली.

"पाटील, मुहूर्त टळतोय!" भटजी ओरडले.

"टळू दे. नवरा नवरीपरीस दोन सूत खाली बसलाय. जल्मभर तसाच ऱ्हाईल."

नवरीकडच्या बायका म्हणाल्या, राहू दे की! पण काकांनी नवऱ्याच्या पाटाखाली चिपाड सारलंच. मुहूर्त टळला. जोडपं सुखात आहे. याचा अर्थ काय लावायचा, मला माहीत नाही.

गोदीतून सुटल्यावर काकांनी एका मिठाच्या व्यापाऱ्याचं घर घेतलं. व्यापाऱ्याकडे मोटार होती, म्हणून घराला लागून ग्यारेज आहे. काकांकडे मोटार नाही. मोटार नसलेल्या माणसानं ग्यारेजचं काय करावं, यावर मी त्यांना दोन सूचना केल्या होत्या: वाचनालय किंवा आमच्या कामगार मंडळाची कचेरी. ते म्हणाले, "टेबल करनार." कसलं टेबल? कामाचं. उभं राहून कापायचं, तासायचं, ठोकायचं. वर लोखंडी पकड बसवलेली.

टेबल करायला घेतलं आणि काकांच्या ध्यानात आलं की फळ्या रंधायला आधी टेबल लागतं. म्हणून एक छोटं टेबल केलं. ते सपाट आलं नाही, म्हणून त्याहून छोटं केलं. दीड वर्षात ग्यारेजात तीन टेबलं झाली आणि तिन्हींचा उपयोग एकच, चौथं करणं. चौथं मात्र टेबल होतं! मोडीत निघालेल्या मचव्याचं सागवान, हाताच्या पंजाएवढी जाड फळी. त्या ग्यारेजची जमीन मोटार धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून एका कोपऱ्यात मोरीकडे उतरती आहे. त्या कोपऱ्यातला चौथा पाय चार बोटं जास्त लांब ठेवायचा आणि सगळ्यांत शेवटी कापायचा, असं काकांनी ठरवलं. म्हणजे तिथे ते टेबल इतकं सपाट उभं राहील की बुडबुडा भिंतीवरच्या खिळ्यासारखा थांबेल.

या सगळ्या काळात बारकीकाकी, म्हणजे काकांच्या पत्नी, एकच मागणं मागत होत्या. भाकरीचं पीठ मळायची त्यांची काठवट तडकली होती.

"आवो, ती काठवट तेवडी सांधा."

"टेबल झाला की."

"कंचा टेबल? तीन झाले!"

"ते टेबल नाय. ते टेबलाचे टेबल."

शेवटी एका सकाळी काकी ग्यारेजात शिरल्या, "आना हिकडं, मी कापते, मंग तरी संपंल," म्हणाल्या, आणि उरलेल्या त्या चौथ्या पायाचं खालचं टोक स्वतः करवतीनं कापलं. घामाघूम झाल्या. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या. काकांनी पाय उलटा धरला, कापलेल्या टोकावर पाणसळ ठेवली आणि म्हणाले, "तीन सूत वाकडा."

काकींनी करवत खाली ठेवली. गाठोडं बांधलं. उरणच्या एसटीत बसल्या आणि भावाकडे निघून गेल्या. त्याला आता सात महिने झाले.

मी गप्प बसणारा नाही. त्याच संध्याकाळी काकांच्या दारात जाऊन सुनावलं. बाईच्या घामाला मोजपट्टी लावणारे तुम्ही कोण? ज्या हातांनी तीस वर्षं भाकऱ्या थापल्या, त्यांना तुम्ही चारचौघींत नापास करता? बराच वेळ बोललो. काका चामड्याची एक पट्टी कापत होते. मान वर केली नाही. ती पट्टी त्यांनी टेबलाला जोडलेल्या त्या वाकड्या पायाखाली सारली. मला वाटलं, माणूस दगड आहे.

दिवाळी झाली. मिठागरावरच्या कामगारांची सभा ठरली. हंगाम सुरू व्हायच्या आत मजुरीचं बोलून घ्यायचं होतं. अध्यक्षांसमोर मांडायला भक्कम टेबल हवं. पनवेलात भक्कम टेबल एकच. गेलो. सुनावल्यानंतर सात महिन्यांनी मागायला जायचं म्हणजे अवघडच होतं, पण काकांनी भलताच प्रश्न विचारला.

"उरनच्या बाजूचे येनार काय?"

"सगळे येणार. बायकासुद्धा."

"मग न्या. पन ह्यो लांब पाय बायांच्या बाजूला ठेवा. झाकू नका."

सहा जणांनी टेबल मैदानात आणलं. काका बरोबर आले, तो पाय बायकांच्या जागेकडे वळवून घेतला, चामड्याची पट्टी काढून खिशात ठेवली आणि "दाढी करून येतो," म्हणून गेले. मिठागराच्या सभेला दाढी कशाला? कळलं नाही. विचार करायला वेळही नव्हता, कारण टेबल डुगडुगत होतं. मैदान सपाट, एक पाय चार बोटं लांब. पाण्याचा तांब्या स्वतःहून चालत काठाला गेला. आमचे अध्यक्ष बोलताना टेबलावर मूठ आपटतात. दोन मुठींत टेबल पहिल्या रांगेत गेलं असतं.

आणि पाय नुसता लांब नव्हता, वाकडाही कापलेला होता. मला काकांची दया आली, खरं सांगतो. एवढा सरळपणाचा माणूस आणि चारचौघांत याचं हे व्यंग दिसणार! कुणाची तरी करवत मिळाली. चार बोटं उडवली. माझा काप सरळ आला. मी खूष झालो.

सभा उत्तम झाली. अध्यक्षांनी मूठ अकरा वेळा आपटली, टेबल हललं नाही. बायकांत तिसऱ्या रांगेत बारकीकाकी दिसल्या. भाषण रंगात आलं असताना त्या टेबलाच्या पायाकडे बघत होत्या. मग उठल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं, भाषण लांबलं. मागे कडेला हसूरामकाका उभे होते. धुतलेली टोपी, इस्त्रीचा कोट, गाल तुळतुळीत. त्यांनी काकींना जाताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावरून जाताना पाहतो तर काका गुडघ्यांवर बसून गवतात काही शोधत होते.

"काय हरवलं, काका?"

"तुकडा."

मी म्हणालो, सोडा हो, मी वखारीतून नवा साग आणून देतो, याहून चांगला.

"नको. त्योच हवा."

"तो वाकडा होता, काका!"

"म्हूनच."

माझं डोकं चालेना. बुडबुडा मधोमध नसला तर जो चहा पीत नाही, तो माणूस वाकडा तुकडा मागतो? मग ते गवतातच बसले आणि हळूहळू सांगू लागले. सात महिने त्या टोकाला त्यांनी रंधा लावला नव्हता. पाच मिनिटांचं काम होतं. रोज सकाळी चामड्याची पट्टी घालून टेबल सपाट करायचे आणि काकींचा काप तसाच ठेवायचे.

"ती येऊन बघंल नं. मी सरळ नाय केला ह्ये बघंल."

"अहो, मग जाऊन सांगायचं की, चुकलो म्हणून!"

"गेलो असतो तर परत सुतातच बोललो असतो, बाला."

मी तडक उरणची एसटी पकडली. काकी भावाच्या अंगणात सुकट निवडत होत्या. उभ्या उभ्या कबुली दिली: काकी, तो पाय मी कापला.

"त्यांनी पाठवला तुला?"

"नाही. त्यांना मी इथे आलोय हेही ठाऊक नाही."

"मग तुला कोन बोलला, वाकडा हाय म्हून?"

"मला दिसला."

"दिसला!" काकींनी सुकटीतून एक खडा काढून भिरकावला. "येक वाकडा बघनारा घरात होता, तो पुरा नव्हता. आता गावात दुसरा झाला." जरा थांबून म्हणाल्या, "तू त्यांची बाजू घ्याला आलास. तुमा पुरषांचा काय खरा नाय. तुकडा आन. माझी करवत दोन जागी अडकली व्हती, त्ये वरखाडे मी वळखंन. त्यावर रंधा मारलेला नसंल, तर मी येईन. देवदिवाळीपतुर वाट बघते. मंग भावासंगं मिठागरावर गेले की शिमग्यापतुर सवड नाय."

तर वाचकहो, प्रकरण हे असं आहे. सभेनंतर मैदान मी तीनदा चाळलं. तुकडा तिथे नाही. लाकूड चांगलं सागाचं, हाताशी येण्याजोगं. तुमच्यापैकीच कुणीतरी उचललं आहे. चोरी म्हणत नाही. आपल्याकडे कसला ना कसला पाय डुगडुगत असतोच, आणि सभेतून काहीतरी घरी न्यावंसं वाटतंच. पण तो चौकोनी आहे, चार बोटं उंच. एक टोक सरळ; ते माझं, त्याकडे बघू नका. दुसरं टोक तिरकं आहे आणि त्यावर करवत अडकल्याचे दोन ओरखडे आहेत.

देवदिवाळीला नऊ दिवस उरले आहेत. हे वाचून झाल्यावर अंक बाजूला ठेवा आणि उठा. दाराची पाचर बघा, मांडणीखाली बघा, गाडीच्या चाकामागे लावलेला ठोकळा बघा, पोरांच्या खेळण्यांत बघा. सापडला तर हसूरामकाकांच्या ग्यारेजात आणून द्या. दार दिवसभर उघडं असतं. धुऊ नका, घासू नका, आणि कृपा करून सरळ करू नका. आहे तसा आणा.