जावयाच्या माशाचं डोकं

"सर, तुम्ही स्वतः पिट्युटरी ग्रंथी डोळ्यांनी पाहिलीय का हो?"

प्रश्न झिनुकचा नव्हताच! 'हिंमत असेल तर विचार' म्हणून मागच्या बाकावरच्या मैत्रिणींनी तिला भरीस घातलं होतं. बंगालमधल्या नैहाटीच्या त्या शिकवणीत हाजरा सर तासभर सांगत होते, की मेंदूखालची ही एवढीशी ग्रंथी माणसाची उंची वाढवते, शिवाय बाकीच्या ग्रंथींवर हुकूम सोडते. सरांचा खडू थांबला.

"चित्रात पाहिलीय," ते ओशाळून म्हणाले.

"मग मी उद्या आणते! माणसाची नाही हं सर, माशाची!"

बढाई पोकळ नव्हती. बाबांची मत्स्यबीजाची हॅचरी होती. माशांनी अंडी घालावीत म्हणून ते दुसऱ्या माशांच्या डोक्यातली हीच ग्रंथी काढून, वाटून, टोचायचे. झिनुकने शंभरदा पाहिलं होतं. पण ऐन हंगामात त्यांच्याकडे एक ग्रंथी मागणं म्हणजे मूत्रपिंड मागण्यासारखंच!

घरात दुसऱ्या दिवशी मासा येणार होता, पण तो जामाईषष्ठीचा, म्हणजे जावयाचा मान करायच्या सणाचा. दिदीच्या नव्या नवऱ्यासाठी पाच किलोचा कातला! त्याचं अख्खं डोकं जावयाच्या ताटात, आणि सासूची सगळी इभ्रत त्या डोक्यात!

सकाळी मा पूजेला बसली, तशी झिनुक विळीवर बसली. कवटीचं झाकण डब्यासारखं उघडलं, मेंदू बाजूला काढला. खाली मोहरीएवढी पांढरी ग्रंथी! चिमट्याने उचलून ती स्पिरिटच्या बाटलीत टाकली. मेंदू परत ठेवायला वळली, तर मांजर मिशा चाटत होतं!

झिनुकने उकडलेला बटाटा कुस्करला, कवटीत ठासला आणि झाकण दाबून बसवलं.

शिकवणीत जयजयकार झाला. सरांनी चष्मा तीनदा पुसला! झिनुक घरी आली ती जमिनीपासून चार बोटं वरूनच.

दुपारी पुलक जामाईबाबू ताटावर बसले. मा ताडपंख्याने वारा घालत होती. त्यांनी डोकं उचललं, कवटीला तोंड लावून जोरात चोखलं, आणि त्यांचा चेहरा कोड्यात पडला.

"मा, मेंदू... बटाट्यासारखा लागतोय."

पंखा थांबला. बाबा वाकले, त्यांनी झाकण उचललं आणि खूशच झाले. "वा! काय सफाईदार काप! असा काप माझ्या हॅचरीबाहेर कुणाला जमत नाही!"

"म्हणजे तुम्हीच!" मा कडाडली. "जावयाचा मासासुद्धा सोडला नाहीत?"

"अगं, मी कशाला..."

"हंगाम आला की तुम्हाला माणसं दिसतच नाहीत!"

दिदीला रडू फुटलं. "पहिलीच षष्ठी माझी! सासरी काय सांगू? बटाटा वाढला?"

इकडे झिनुकच्या मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या बसलेल्या ग्रंथींनी अ‍ॅड्रिनलिनचे नळच सोडले. घसा कोरडा, तळवे ओले, छातीत ढोल! या रसाने म्हणे माणूस लढतो नाहीतर पळतो. तिने पळायला दाराकडे पाहिलं, तर मा केव्हाच उठून उंबऱ्यात पदर खोचून उभी!

"बाबांनी नाही, मी काढली!" झिनुक ओरडली आणि तिने बाटलीच पुढे केली.

जामाईबाबूंनी ती उजेडात धरली. "एवढुशी?"

"तुमच्या डोक्यातल्या अशाच एकीने तुम्हाला सहा फूट केलंय, जामाईबाबू!"

ते इतके हसले की ठसका लागला. "मा, रागावू नका. बटाटा झकास झालाय! आणखी आहे?"

दिदी रडता रडता हसली. माने पंखा झिनुकच्या पाठीत घातला, पण हलकेच. बाबा मात्र अजून कापावरून बोट फिरवत होते.

"काय हात आहे पोरीचा! उद्यापासून हॅचरीत ये."

"मुळीच नाही," मा म्हणाली, "उद्यापासून माझ्या नजरेसमोर, स्वयंपाकघरात!"

झिनुक पाटावर चढून उभी राहिली.

"मा, बाबा, माझं ठरलंय. मी ग्रंथींचीच डॉक्टर होणार, पण माणसांच्या! त्यांचं डोकं निदान जावयाला वाढावं लागत नाही!"