मायणभाट देवस्थानात परतत्त्वाची अंमलबजावणी

प्रत्येक तत्त्वज्ञानाच्या आयुष्यात दोन काळ येतात. पहिल्या काळात ते कुणालाच कळत नाही. दुसऱ्या काळात त्यासाठी समिती नेमली जाते. पहिल्या काळात फारसं कुणाचं नुकसान होत नाही.

डिचोली तालुक्यातल्या मायणभाट गावात नवप्लेटोवादाचा दुसरा काळ गेल्या पौषात सुरू झाला. निमित्त झाले गुरुदास मास्तर. उच्च माध्यमिक विद्यालयात एकतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते (शेवटच्या वर्षीचे विद्यार्थी चार, पैकी दोघे वर्ग चुकून आलेले). जत्रेच्या महिनाभर आधी प्रवचनाला फोंड्याहून यायचे त्या बुवांचा घसा ऐनवेळी बसला. गावात मोकळा घसा आणि मोकळा वेळ असलेला दुसरा माणूस नव्हता. मास्तर तर या दिवसाची एकतीस वर्षं वाट पाहत होते. त्यांनी विषय दिला : ‘नवप्लेटोवाद आणि त्याचा पुढील धर्मविचारावरील प्रभाव’.

उपस्थिती बासष्ट. जागे एकोणीस. विषय ऐकायला म्हणून आलेले एक, म्हणजे मास्तरांची आई गंगाबाय. तिला ऐकू कमी येतं.

मास्तर मात्र मन लावून बोलले. सतराशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये जन्मलेला आणि रोममध्ये शिकवणारा एक आचार्य सांगत असे, की सगळ्याच्या मुळाशी एकच परतत्त्व आहे. त्याला नाव नाही, गुण नाही, ते काही करत नाही. भरलेल्या झऱ्यासारखं ते नुसतं ओसंडतं. त्यातून बुद्धी होते, बुद्धीतून जीव, आणि शेवटी जिथे उजेड संपतो तिथे जड द्रव्य. वरचं खालच्याला देतं आणि देऊनही कमी होत नाही. मुख्य म्हणजे कोणताही जीव आत वळून त्या एकाकडे परत जाऊ शकतो. पुढे ख्रिस्ती, मुसलमान आणि यहुदी चिंतकांनी हा विचार आपापल्या परीने उचलला. एका ख्रिस्ती लेखकाने तर त्या आधारावर देवदूतांच्या नऊ पायऱ्या लावल्या.

‘पायऱ्या’ हा शब्द कानावर पडताच देवस्थानाचे अध्यक्ष गोकुळदास जागे झाले.

इथे थोडी पार्श्वभूमी देणं आवश्यक आहे. मायणभाटच्या जत्रेत सोळा घराण्यांना मानाचे सोळा नारळ मिळतात. भटजी देवळाच्या पायरीवर उभे राहून घराण्याचं नाव पुकारतात आणि नारळ हातात देतात. वरच्याने घेतल्याशिवाय खालच्याने हात पुढे करायचा नाही. पहिलं घराणं गोकुळदासांचं, त्याबद्दल वाद नाही (वाद करणारी दोन कुटुंबं पेडण्याला राहायला गेली). पाचवं आणि सहावं कोण, यावर मात्र तेवीस वर्षं कोर्टात काम चालू आहे. तोवर तडजोड म्हणून दोन भटजी, दोन नारळ आणि एक शिटी अशी व्यवस्था आहे. शिटी वाजली की दोन्ही नारळ एकाच क्षणी हातात पडतात. शिटी कुणी वाजवायची यावर वेगळा खटला आहे.

अशा गावाला एकदम कळलं, की वरून खाली क्रमाने देण्याची पद्धत रोममध्ये सतराशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालेली आहे. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी मास्तरांना कार्यालयात बोलावून कदेलवर, म्हणजे चक्क खुर्चीवर, बसवलं. मास्तरांच्या घराण्यातलं कुणी तिथे कधी बसलेलं नव्हतं.

“मास्तर, हो तुमचो आचार्य खंयच्या गांवचो?”

“तो गाव सांगत नसे,” मास्तर म्हणाले.

“आवय-बापूय?”

“त्यांचंही नाव त्याने कधी सांगितलं नाही. देहात असण्याचीच त्याला लाज वाटे.”

“मगे भायलोच तो,” अध्यक्ष म्हणाले आणि मास्तरांकडे बघून ओशाळले. कारण मास्तरही भायलेच, म्हणजे बाहेरचे. गंगाबाय सिंधुदुर्गातून नवऱ्यामागून आली. नवरा पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. तिला येऊन आता पंचावन्न वर्षं झाली (मायणभाटमध्ये माणूस साधारण दोनशे वर्षांनी गावचा होतो). “बरां, फोटो आसा?”

आचार्याने आपलं चित्रही काढू दिलं नव्हतं. त्यामुळे देवळात लावायच्या फलकावर अध्यक्षांचा फोटो छापावा लागला.

यानंतर पाच जणांची उपसमिती नेमण्यात आली. देवदूतांच्या पायऱ्या लावायला तिकडे दोनेकशे वर्षं लागली होती. मायणभाटच्या उपसमितीने सगळं काम अकरा दिवसांत उरकलं, त्यातले चार दिवस चतुर्थी-एकादशीच्या सुट्टीचे. ठराव असे : सोळा घराणी ही परतत्त्वाची सोळा ओसंडणी होत. जेवणाच्या पंगती, गाड्या लावण्याच्या जागा आणि पंख्याखालच्या जागा त्याच क्रमाने राहतील. परतत्त्व म्हणजे प्रत्यक्ष देव की आणखी कोण, हा प्रश्न उपसमितीने नम्रपणे मोकळा ठेवला. अध्यक्ष काहीच करत नाहीत हे गावाला पूर्वीपासून माहीत होतं. ते अंतिम सत्तेचं लक्षण आहे हे प्रथमच कळलं. त्यांनीही नकार दिला नाही.

मास्तर कळवळून म्हणाले, “पण यात परत जाण्याचं काहीच आलं नाही! खालचा जीव वर जातो, हाच तर सगळ्याचा गाभा.”

उपसमितीने ही सूचना तात्काळ स्वीकारली. वर जाण्यासाठी अर्ज तीन प्रतींत करावा, सोबत वरच्या पायरीवरील घराण्याचं ना-हरकत पत्र जोडावं. (आजवर आलेले अर्ज : नऊ. मिळालेली पत्रं : अजून कळलेलं नाही, फाइल वर गेली आहे.)

मास्तर उठून जाणार होते. तेवढ्यात अध्यक्षांनी मेजावर दोन कागद ठेवले. एकावर मजकूर होता, ‘सदर क्रम तत्त्वज्ञानास धरून असल्याचे प्रमाणित करण्यात येते’, आणि खाली सहीची जागा. दुसऱ्यावर लिहिलं होतं : ‘मान सतरावा. गंगाबायचं घराणं.’

हे कागद बघून मास्तर पुन्हा कदेलवर बसले, त्याचं कारण सांगायला हवं. गंगाबायने बावीस वर्षं या देवळाचं अंगण झाडलं होतं. जत्रेच्या दिवशी सोळा नावं पुकारून झाली की भटजी उरलेला एखादा नारळ तिच्या ओच्यात टाकत. नाव न घेता. आता ती एक्क्याऐंशीची होती आणि गेली काही वर्षं एकच गोष्ट मागत होती. “रे झिला, माका नारळ नको. माझा नाव येकदा देवळात पुकारूक होया. तुझो गेलेलो बापूसव ऐकतलो खंयतरी.” मास्तरांनी आईला आयुष्यात बऱ्याच गोष्टी दिल्या होत्या, ही एक देता आली नव्हती.

“एक बारीक अडचण आसा,” अध्यक्ष म्हणाले. “तुमच्याच पुस्तकाप्रमाण वयल्यान सकयल्याक दिवंक जाय. मगे सतराव्याच्या सकयल कोण?”

वरच्याने खालच्याला द्यायचं, तर सतराव्याच्या खाली कोण, याचं उत्तर तत्त्वज्ञानात तयारच आहे, आणि ते अख्ख्या गावात एकट्या मास्तरांना ठाऊक होतं. सगळ्यात खाली द्रव्य. द्रव्य कुणाला काही देत नाही. द्रव्य म्हणजे नुसता अभाव, त्यामुळे त्याला क्रमांक देता येतो, नारळ देण्याचं कारण नाही.

सध्या अंगण झाडते ती मालती. तीही सिंधुदुर्गातलीच, येऊन सहा वर्षं झाली. खराटा कसा धरायचा, पाला कुठे लोटायचा आणि जत्रेत उरलेला नारळ मिळायला कुठे उभं राहायचं, हे तिला गंगाबायनेच शिकवलं होतं. मास्तरांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं : ‘अठरा. द्रव्य. मालती.’ मग प्रमाणपत्रावर सही केली. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी खरी लाज. पण ती घरी येईपर्यंतच टिकली, कारण दारात आई उभी होती आणि तिला बातमी सांगायची होती.

जत्रा झाली. पाचव्या-सहाव्याची शिटी वाजली. सोळावा नारळ गेला. भटजींनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि खणखणीत आवाजात पुकारलं, “गंगाबायचं घराणं!”

ऐकू कमी येणाऱ्या गंगाबायला ते पहिल्याच हाकेत ऐकू गेलं. नव्या लुगड्याची निरी सावरत ती पायरीजवळ गेली. नारळ कपाळाला लावून ढसाढसा रडली. मास्तरही रडले. एवढ्यासाठी आपण काय केलं ते त्यांना आठवत होतं, तरीही त्यांना आनंदच झाला.

मालतीला ठराव कुणी वाचून दाखवला नव्हता. दरवर्षीसारखी ती पायरीच्या डाव्या अंगाला आली आणि तिने ओचा पुढे केला. गंगाबायने डोळे पुसले. वळून बघितलं. पंचावन्न वर्षांत प्रथमच तिच्या मागे कुणीतरी उभं होतं.

“मागे सर गो,” गंगाबाय म्हणाली. “तुझो नंबर अठरा.”

मालती रडली नाही, भांडलीही नाही. दुसऱ्या दिवशी अंगण झाडून झाल्यावर ती मास्तरांच्या दारात येऊन उभी राहिली. मास्तरांनी मान खाली घातली. काय ऐकावं लागेल याची तयारी त्यांनी रात्रभर केली होती. मालतीने एवढंच विचारलं, “मास्तरांनू, अठराच्या मागसून कोण?”

हा प्रश्न उपसमितीला इतका वाजवी वाटला, की त्यासाठी स्वतंत्र अर्ज छापण्यात आला. तो आता देवळाच्या दारातच मिळतो आणि बाहेरगावच्या भाविकांनाही खुला आहे. त्यात नाव लिहिणं ऐच्छिक आहे, गाव ऐच्छिक आहे. सक्तीचा रकाना एकच : ‘तुमच्या मागे कोण?’ आजपर्यंत एक हजार चारशे बारा अर्ज जमा झाले. रकाना कोरा ठेवलेला एकही नाही.

वाचकांनी गंगाबायवर रागावण्याआधी तो रकाना मनातल्या मनात भरून पाहावा. भाविकांना सरासरी चार सेकंद लागतात.