पाणसळीतली फरशी

सासऱ्यांच्या तोंडून एकदा तरी शाबासकी ऐकायची, एवढी एकच इच्छा जावईबापूंनी उराशी बाळगली होती. सासरे निवृत्त सुतार. जावयानं ठोकलेला खिळा दिसला की ते नुसतं "हं" म्हणत. त्या "हं"पेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

स्वयंपाकघराची जमीन मोरीकडे उतरती होती. हातातून सुटलेलं लिंबू थेट मोरीत जाऊन थांबायचं.

"मिस्त्री बोलवा," बायको म्हणाली. "रविवारी बाबा येतायत."

"मिस्त्री कशाला? मी काय मेलोय?"

"अजून नाही," म्हणून ती भांडी आवरायला लागली.

सगळं सामान बैठकीच्या खोलीत गेलं. जावईबापूंनी जुना सिमेंटचा कोबा खरवडला, खोलगट भाग सिमेंट-वाळूच्या मालानं भरला आणि एकेक फरशी बसवली. रबरी हातोड्यानं ठोकायची, वर पाणसळ ठेवायची, आतला बुडबुडा केसभर हलला तरी फरशी उचलून पुन्हा बसवायची. माल भुवयांत गेला, कंबर कामातून गेली. पण रविवारी सकाळी टेबल-कपाट जागेवर लागलं आणि फरशीवर लिंबू ठेवलं तिथं राहिलं.

सासरे आले. उकिडवे बसून एक डोळा मिटून त्यांनी फरशी न्याहाळली. मग काहीतरी बोलायला तोंड उघडलं. जावईबापूंनी श्वास रोखला.

"आधी चहा घेऊ," सासरे टेबलाशी बसत म्हणाले.

बायकोनं टेबलावर कप ठेवला. कप सावकाश निघाला, कडेपर्यंत गेला आणि सासऱ्यांच्या मांडीवर उतरला!

जावईबापूंनी धावत पाणसळ आणली. फरशीवर बुडबुडा मधोमध. टेबलावर ठेवली, तर तो एका टोकाला पळाला.

"टेबल बिघडलंय," ते कसंबसं म्हणाले.

"बिघडेल कसं? तुम्हीच कापलंय," बायको म्हणाली. "राहायला आलो तेव्हा कप घसरायचे, म्हणून चढाकडचे दोन पाय कापलेत ना? कपाटाचेही."

तेवढ्यात कपाटाचं दार आपोआप उघडलं आणि साखरेचा डबा खाली आला.

ओल्या धोतरानिशी सासरे टेबलाखाली शिरले. पायांच्या तळाशी, कापलेल्या कडांवरून अंगठा फिरवू लागले. जावईबापूंना वाटलं, आता "हं" आलंच.

"हे तुम्ही कापलेत?"

"हो. चुकलंच माझं."

"चुकलं कसलं? पायांचे तळसुद्धा उताराप्रमाणे तिरपे तासलेत. इतकी वर्षं इथं चहा पितोय, मला सुताराला पत्ता लागला नाही. शाबास, जावईबापू!"

जावईबापूंचे डोळे भरून आले. बायकोनंही पदर डोळ्यांना लावला.

"आता एकच करा," टेबलाखालून आवाज आला. "एवढं सुंदर काम वाया घालवू नका. ती फरशी उखडून टाका."