विमलअक्कांचा जगभराचा कॅट

विमलअक्का तोंडात टाचण्या धरून भविष्य सांगतात. गिऱ्हाईक आरशासमोर हात वर करून उभं, अक्कांचा एक हात ब्लाउजच्या बगलेत आणि दुसऱ्या हाताने शिलाई मशीनवर मांडलेल्या टॅरोच्या पत्त्यांतून एक उचललेला. पत्ता चांगला निघाला तर टाचण्या काढून सविस्तर बोलतात. वाईट निघाला तर तो झटकन गड्डीत सारतात आणि म्हणतात, "हा तुझा नाही गं, मघाच्या बाईचा राहून गेला होता." मघाच्या बाईच्या नशिबात आजवर किती पडझड झाली असेल, देवच जाणे.

माझा पत्त्यांवर काडीचा विश्वास नाही. पण अख्ख्या जळगावात अक्कांसारखा ब्लाउज दुसऱ्या कुणाच्या हातून अंगाला बसत नाही, आणि माझं घर त्यांच्या भिंतीला लागून. त्यामुळे माझं भविष्य वर्षातून चार-पाच वेळा निघतंच. "अक्का, हे सगळं खोटं असतं," असं मी म्हणते. त्यावर त्यांचं ठरलेलं पारोळ्याकडचं उत्तर, "पत्ता सांगस, मी नही." म्हणजे जबाबदारी पत्त्याची, ह्यांची नाही.

हा नाद त्यांना लेकीमुळे लागला. ज्योती पुण्याला शिकायला होती तेव्हाचा तिचा टॅरोचा कॅट घरात पडून होता. ती कॅनडाला गेली आणि अक्का दुपारच्या वेळी मोबाईलवर बघून बघून तो शिकल्या. त्या जुन्या कॅटातले राजे, राण्या, जोगी, भिकारी सगळे गोरेपान. अक्का त्यांना "एकाच घरातली चुलत भावंडं" म्हणायच्या.

ज्योतीने तिकडेच लग्न केलं. नवरा केनियाचा, नाव सॅम्युएल, शाळेत गणित शिकवतो. लग्न मोबाईलवर दिसणार होतं, पण अक्कांनी त्या दिवशी मोबाईल बंद करून ठेवला. भावकीत एवढंच सांगितलं, की मुलगा तिकडचाच आहे. हे सगळं खरं ठाऊक असलेली गल्लीतली मी एकटी. तेव्हापासून माय-लेकींचं फोनवर बोलणं म्हणजे "बरी आहेस ना?" आणि "बरी आहे." बस्स.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, महिनाभर आधी ज्योतीची एक मैत्रीण एक डबी देऊन गेली. चिठ्ठी नाही, निरोप नाही, आत नवा टॅरो. ह्या कॅटात मात्र जगातले झाडून सगळे लोक होते. जपानची म्हातारी, अरबस्तानातला घोडेस्वार, मेक्सिकोतल्या बाया, आफ्रिकेचे राजे. अक्का चष्मा लावून संध्याकाळभर ते बघत बसल्या. गिऱ्हाइकांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

"कसा आहे कॅट?" मी विचारलं.

"सोन्यासारखा आहे," अक्का म्हणाल्या, "आणि डोक्यात जातोय."

डोक्यात जायचं पहिलं कारण भारताची राणी. एका हातात नाग, मागे हत्ती. नागाचं अक्कांना काही वाटलं नाही, पण राणीचा ब्लाउज बघून त्या कळवळल्या. "टक्स नाहीत, मुंढा उतरलाय. राणी असून हिला शिंपी मिळेना?" दुसरं कारण, सगळ्या जगात खान्देशचं कुणीच नव्हतं. "बठ्ठं जग उनं, आपला खान्देशच ऱ्हायना." जपानची म्हातारी मात्र त्यांना पसंत पडली. डोंगरावर एकटी कंदील घेऊन उभी होती. "बाई चांगली आहे," म्हणाल्या, "हिचंही कुणाशी पटत नसणार."

आफ्रिकेच्या माणसांवर त्या सर्वांत जास्त वेळ अडल्या. ज्याला बघावं त्याच्या हातात ढोल. "हे लोक दिवसभर ढोलच वाजवतात का गं? दळणाला कोण जातं? मास्तर माणसाला एवढी सवड कुठून मिळायची?" मास्तर कुठून आला, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे अक्कांनाही कळलं होतं.

आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. पण लेक आपली आपण येत नाही, तिला मूळ धाडावं लागतं. माहेरचं माणूस आणायला जातं, आता निदान फोन तरी करतं. ज्योतीला अक्कांनी अजून एकदाही मूळ धाडलं नव्हतं. यंदा त्या रोज सकाळी मशीनला तेल घातलं की स्वतःसाठी एक पत्ता काढायच्या. बोलावू की नको? चांगला पत्ता निघाला की म्हणायच्या, "हा माझा नसणार." वाईट निघाला की तो मात्र मुकाट्याने ठेवून घ्यायच्या. मला इतका राग यायचा की वाटे, ते पत्ते उचलावेत आणि कूलरच्या पाण्यात टाकावेत.

आखाजी आठवड्यावर आली आणि गल्लीतल्या निंबाखाली पुरुष मंडळी पत्ते कुटायला बसली. आखाजीला हे चालतंच, घरच्या बायकाही काही बोलत नाहीत. मंडळींचे पुढारी भास्करनाना, म्हणजे अक्कांचे धाकटे दीर. एका संध्याकाळी त्यांच्या कॅटावर चहा सांडला. नाना पाणी प्यायला वहिनीकडे आले, मशीनवर डबी दिसली, पत्ते दिसले. आखाजीच्या दिवसांत माणसाला दुसरं काही सुचत नाही. नानांनी डबी उचलली आणि निंबाखाली नेली.

मी ओट्यावर मेथी निवडत होते. सगळं डोळ्यांनी पाहिलं. पत्ते एवढे मोठे, की म्हाताऱ्यांच्या पंजात मावेनात. बदाम-इस्पिकचा तर पत्ताच नाही. नाना डगमगले नाहीत. त्यांनी कायदा केला, डोक्यावर मुकुट तो राजा, बाई ती राणी, उरलेले सगळे गुलाम. खेळ झकास रंगला. जपानच्या म्हातारीने दोन हात केले आणि नानांनी तिला हात जोडले.

मग नानांनी आफ्रिकेचा राजा टाकला.

समोर शांताराम आबा होते. त्यांनी पत्ता डोळ्यांजवळ नेला. "हाऊ कसाना राजा? रंग देख तेना. गुलाम धर याले."

"मुकुट शे ना डोक्यावर," नाना म्हणाले.

"मुकुट कोनी बी घालस."

दोघे हसायला लागले. तेवढ्यात अक्का दारात आल्या. गळ्यात टेप, हातात कात्री. आता कॅट उचलला म्हणून ह्या दोघांचं काही खरं नाही, असं मला वाटलं. नानांनाही वाटलं असावं, कारण ते अर्धे उठले.

अक्का जवळ आल्या. आबांच्या हातातून पत्ता घेतला आणि डावात मधोमध ठेवला.

"राजा शे तो," त्या म्हणाल्या.

"अक्का, तुमले काय माहीत?"

"माले माहीत शे. मना जावई असाच दिसस. ज्योतीचा नवरा. केनियाचा शे, मास्तर शे."

आबा खाली बघत राहिले. नाना मात्र वहिनीकडे बघत होते, आणि ते खरंच दुखावले होते. "आमले काबर सांगं नही, वहिनी?" मग डावातले पत्ते ओढून घेत ते म्हणाले, "आनि मंग मूळ कोन धाडस? आखाजी आठ दिवसवर उनी."

अक्का घरात गेल्या. मी मेथी तशीच टाकून मागे गेले. त्या मशीनपुढच्या स्टुलावर बसल्या होत्या.

"अक्का, आता तर सगळ्यांना कळलं," मी म्हणाले. "आता कुणाला भ्यायचंय?"

"लोकांना कोण भितंय?" त्या म्हणाल्या. "तिच्या लग्नात मी मोबाईल बंद ठेवला, मीनल. आता मी बोलावलं आणि ती नाही आली तर? मी बोलावत नाही म्हणून ती येत नाही, एवढं तरी मला आज म्हणता येतं."

मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मीच फोन लावून दिला. तिकडे सकाळ होती. ज्योतीचा आवाज आला, "बरी आहेस ना?"

"आखाजीले या," अक्का एका दमात म्हणाल्या. "दोन्ही जन या."

अक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं. मग पलीकडे काहीतरी हललं, आणि एक जाडा, अनोळखी आवाज एकेक अक्षर जपून ठेवावं तसा बोलला, "येतस, माय."

ज्योतीने शिकवलं असणार. कधीपासून शिकवून ठेवलं असेल, कोण जाणे.

अक्कांनी डोक्यावर पदर घेतला. जावयाशी बोलताना घेतात तसा.

"जेवनात का, पाव्हना?"

"नही, माय."

"मंग खाई ल्या," अक्का म्हणाल्या. "मी थांबस."

आणि त्या खरोखरच थांबल्या. फोन कानाला लावून, पलीकडे ताटली मांडल्याचा आवाज ऐकत, जावयाचं खाणं होईपर्यंत तशाच बसून राहिल्या.