सहाव्या टाकीतलं पाणी

यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. त्या दिवशी साबणाच्या कारखान्यातल्या पाच टाक्या संगणकाला जोडायच्या होत्या. प्रत्येक टाकीला एक छोटा डबा. त्याने पाण्याची पातळी पडद्यावर कळवायची, आणि आपण बटण दाबलं की टाकी भरायची. पोरखेळ! ‘दुपारच्या जेवणाला घरी येतो,’ असं बायकोला सांगून मी निघालो. तिचं लक्ष नव्हतं. सोमवारपासून तिला पुन्हा कामावर जायचं होतं आणि बाळाला सांभाळायला सासूबाई कालच आल्या होत्या. त्या टिकल्या तर नोकरी, नाहीतर राजीनामा, इतका सरळ मामला होता.

कारखान्यात मी ऐटीत ‘उपकरणं शोधा’ दाबलं. पडद्यावर टाक्या एकेक करून उगवल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि मग सहा.

"काहीतरी घोळ आहे," मी म्हटलं.

मागे उभा असलेला फोरमन पुढे आला. त्याने मला शेजारच्या खोलीत नेलं. खोली रिकामी होती. जमिनीवर तेवढा एक मोठा गोल डाग. फोरमन त्याला वळसा घालून पलीकडे उभा राहिला.

"सहावी इथं होती, साहेब. काढली."

"का?"

"माणूस उतरला होता आत. साफ करायला."

"मग?"

"मग काय. काढली."

परत येऊन पाहतो तर सहाव्या टाकीची पातळी खाली जात होती. थोडी उतरायची, थांबायची, पुन्हा थोडी उतरायची. कोणीतरी घोट घोट पाणी पीत असावं तशी.

"वापरतोय," फोरमन हळूच म्हणाला.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. खुर्ची मात्र मी सरकवून भिंतीला टेकवून घेतली, पाठीमागे जागा नको म्हणून. मग धीर करून ‘भरा’ दाबलं. पातळी चढू लागली. आम्ही दोघं रिकाम्या खोलीत धावलो. पाण्याचा थेंब नाही, आवाज नाही, डाग कोरडा ठणठणीत. परत आलो तोवर टाकी काठोकाठ भरून पडदा लाल झाला होता. फोरमनने डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं.

"चिडलाय. पाणी तोडा त्याचं."

मी पडद्यावरूनच घाईघाईने मोटर बंद केली, नळाकडे जाणारी झडपही बंद केली. पातळी जागच्या जागी थिजली. आम्ही दोघं बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो. आणि माझा फोन वाजला.

"आत्ताच्या आत्ता घरी ये," बायको कुजबुजत होती. "आई बॅग भरतेय."

"का? झालं काय?"

"मोटर आपोआप सुरू झाली. बटणाला कोणी हात लावला नव्हता. टाकी भरून वाहिली. आणि आई अंगाला साबण लावून बसली होती, तर नळच गेला. म्हणतेय, या घरात काहीतरी आहे."

मी कपाळावर हात मारला. गेल्या आठवड्यात एक जादा डबा मी चाचणीसाठी घरच्या टाकीला लावला होता, इंटरनेटवरून जोडून. तो काढायचा राहिला होता, आणि संगणकाने आज त्यालाच ओळीने सहावा नंबर दिला होता. घोट घोट पाणी घेत होत्या त्या सासूबाई, बाळाचे कपडे धुताना! मला इतकं हायसं वाटलं की मी फोन त्यांनाच द्यायला सांगितला आणि सगळं अथपासून इतिपर्यंत समजावलं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे भूत नाही?"

"मुळीच नाही, आई. मीच आहे."

"माझ्या चपला कुठे ठेवल्यास गं?" त्यांनी मुलीला विचारलं. मग मला म्हणाल्या, "जावईबापू, भूत असतं तर मी कशीबशी राहिले असते. ते निदान मुद्दाम करतं. चार दिवसांत त्याच्या वेळा तरी कळतात. तुमचा काय नेम?"

बायकोने फोन ओढून घेतला. "भूत आहे म्हणून सांग," ती दबक्या आवाजात म्हणाली. "माझी नोकरी जाईल."

फोरमन शेजारी कान देऊन उभा होता. फोन पुन्हा सासूबाईंकडे गेला.

"आई, मी पुन्हा नीट तपासलं. माझं यंत्र बंदच आहे. ते भूतच."

"मग ठीक आहे. बॅग राहू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "आणि जावईबापू, त्याला म्हणावं पाणी सोड. अंगावर साबण वाळलाय."

मी गुपचूप झडप उघडली.